चादर घामानं भिजत होती

कुंदा,

मीनल पुण्याला परत जाताना म्हणाली, "बाबा, आईवर दोन पानं लिहा. सगळ्या नातेवाइकांना पाठवू." लेक म्हणाली म्हणून लिहायला बसलो. तू कुठे जन्मलीस, किती शिकलीस, आपलं लग्न कधी झालं, हे ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे. मला जे लिहायचं आहे ते तुलाही मी कधी सांगितलं नाही. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. चुकीचा शेरा लपवायचा नसतो, खोडून त्याखाली सही करायची असते, हे नव्या पोरांना मीच शिकवलं. आणि घरातला एक चुकीचा शेरा सात वर्षं तसाच राहू दिला. तोही तुझ्या नावापुढे.

आधी कूलरचं सांगतो, कारण सुरुवात तिथून झाली.

तुझी बोटं वाकायला लागून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. डॉक्टरांनी रूमॅटॉइड आर्थ्रायटिस असं नाव सांगितलं. तू गल्लीतल्या बायकांना सांगायचीस, "मले रोमँटिक वात झाला वं. वात रोमँटिक, आन् नवरा पाहा कसा भेटला." त्या हसायच्या. त्यांच्यापैकी निम्म्या बायकांचे ब्लाउज तू शिवलेले होतेस. सुईत दोरा ओवता येईना झाला तेव्हा तू मशीनवर जुनी चादर टाकलीस आणि त्या कोपऱ्याकडे पाहायचंच सोडून दिलंस.

ओल्या हवेनं सांधे आखडतात, असं मला कोणी तरी सांगितलं होतं. कोणी ते आता आठवत नाही. कूलरबद्दल नागपुरात प्रत्येक माणसाला एक मत असतं आणि प्रत्येकाला ते खात्रीचं वाटतं. मी आपल्या खोलीतला कूलर रात्री बंद ठेवायला लागलो. तोही मे महिन्यात.

"अजी, जीव उकडून राहिला," तू म्हणायचीस.

"तुझ्या सांध्यांसाठीच बंद केला."

"सांधे राहतीन, मीच जाईन."

तू हे हसत म्हणायचीस, म्हणून मीही हसण्यावारी न्यायचो. घाम फार येतो असं तू दोन-तीनदा म्हणालीस. त्यावर माझं ठरलेलं उत्तर होतं, "नागपुरात मे महिन्यात घाम कोणाले येत नाही?" मला ते वाक्य आवडायचं. चारचौघात सांगायचो.

पण तुझा घाम वेगळा होता. तो गरमीचा नव्हता. अचानक यायचा, न्हाल्यासारखे केस भिजायचे, चादर पिळण्याजोगी व्हायची आणि मग अंगात थंडी भरायची. अंगावरचा ब्लाउज ओला, त्याला समोरून हुक, आणि हुक काढायला तुझी बोटं तयार नाहीत. तशीच पडून राहायचीस सकाळपर्यंत, ओल्यात, कुडकुडत. मी हातभर अंतरावर झोपलेलो. हे मला फार उशिरा कळलं. उठवलं का नाहीस, असं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "उठवलं असतं तं तुमी म्हटलं असतं, मे महिना आहे."



सकाळी तू चादर कोपरावर टाकून गच्चीवर न्यायचीस आणि तारेवर भिरकावायचीस. चिमटे तुला दाबता येत नसत, म्हणून मागून जाऊन मी ते लावायचो. रोज एक धुतलेली चादर, कधी उन्हात टाकलेली गादी, रोज चार चिमटे. आणि रोज चादर का धुवावी लागते, हे मी एकदाही विचारलं नाही.

विचारलं ते मोठ्या वहिनींनी. माझा थोरला भाऊ गेल्यापासून कामठीच्या घराचा कारभार त्याच पाहतात. नातीच्या लग्नाची भांडी इतवारीच्या बाजारातून घ्यायची म्हणून त्या दोन दिवस आपल्याकडे राहिल्या, आठवतं? हॉलमध्ये कूलरसमोर झोपल्या. "तुमच्या खोलीतला बंद काहून?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, कुंदाच्या सांध्यांना ओली हवा चालत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "किती जपता वो भाऊजी तुमी तिले." मला फार बरं वाटलं. छाती फुगली, असंच म्हणायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर गेल्या. तारेवरची चादर आणि कठड्यावर टाकलेली गादी पाहून खाली आल्या. तू न्हाणीत होतीस. वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, कुंदाले असं कधीपासून होऊन राहिलं?"

त्यांना काय वाटलं ते मला त्याच क्षणी कळलं. तुझा अंथरुणात लघवीवर ताबा राहत नाही, असं त्यांना वाटलं होतं. "नाही हो वहिनी, घाम आहे तो," एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हणालो असतो तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता: एवढा घाम येतो तर कूलर का लावत नाही? आणि आदल्या दिवशीचं ते कौतुक तिथेच गळून पडलं असतं. मी म्हणालो, "वयच झालं ना आता, वहिनी."

तू तेव्हा बासष्टची होतीस.

"बिचारी," त्या म्हणाल्या. "मी कोणाजवळ बोलणार नाही." त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं, याची मला खात्री आहे. पण अशा गोष्टी माणूस मनापासून दडवतो आणि मनापासूनच एखाद्या जवळच्या बाईला सांगतो.

मग भाद्रपद आला. कामठीला तीन दिवस महालक्ष्म्या बसतात, दुसऱ्या दिवशी महानैवेद्य, घराण्यातल्या सगळ्या सुना सोवळ्यात स्वयंपाकाला. आंबील तुझ्याकडे असायची. बोटं गेली तरी दोन्ही तळहातांत डाव धरून तू ती ढवळायचीस, गुठळी होऊ द्यायची नाहीस. त्या वर्षी तू नुकतीच गॅसपाशी उभी राहिली होतीस. वहिनी आल्या.

"कुंदा, तू बाहेर बस वं. आराम कर. पोरी करतीन."

"ढवळता येते मले, बाई."

"येते, मले माहीत आहे. पन तू बस."

तू बाहेर येऊन माझ्याशेजारी बसलीस. हात पदराखाली घेतलेस. "माझे हात पाहून उठवलं त्याईनं," म्हणालीस. वहिनींनी तुझ्या हातांकडे पाहिलंही नव्हतं. कशामुळे उठवलं ते मला माहीत होतं. अंथरूण ओलं करणारी बाई देवीच्या नैवेद्याला चालत नाही, असा त्या स्वयंपाकघराचा हिशेब होता, आणि ती बाई तू आहेस हे त्यांना मी सांगितलं होतं. देवीवर टांगलेल्या फुलोऱ्यातल्या करंज्यांकडे मी पाहत बसलो. उठून आत जायला दहा पावलंही लागली नसती.

पुढच्या वर्षी तू म्हणालीस, अंग कसकस करतं. त्याच्या पुढच्या वर्षी कारणही सांगितलं नाहीस. प्रसादाचा डबा यायचा तेवढा.

सगळं असंच राहिलं असतं. पण तुला नैवेद्यावरून उठवलं त्याच साली डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. सकाळी गल्लीत पोरं शेकोटी करून बसलेली. मी चिमटे लावायला गच्चीवर गेलो आणि ओल्या चादरीला हात लावला तर बोटं बधिर झाली. मे महिना नव्हता. कूलर पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. माझं ते ठरलेलं वाक्य म्हणायला जागाच उरली नव्हती. खाली येऊन तुला विचारलं, "कुंदे, हे रोजच होते का?"

"दीड वर्ष झालं, अजी. तुमी आता विचारून राहिले."

तुला डॉक्टरांकडे नेलं. तोवर दर खेपेला डॉक्टर विचारायचे, "आणखी काही त्रास?" आणि फाइल माझ्या मांडीवर असल्यामुळे उत्तर मी द्यायचो, "बाकी सगळं ठीक." त्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस. "रात्री घामानं चादर भिजते, साहेब. पिळावं लागते तिले. मले पिळता येत नाही, तशीच तारेवर टाकते." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ताप येतो का, वजन उतरलं का, खोकला आहे का, सगळं तुलाच विचारलं. असा घाम अंगावर काढायचा नसतो, म्हणाले. संधिवाताच्या माणसाला तो आजार आत जोर करत असल्यामुळेही येतो, औषधांमुळेही येतो, पण आधी क्षय किंवा दुसरं इन्फेक्शन नाही ना ते पाहायला हवं. छातीचा फोटो, रक्ताच्या तपासण्या. ते दहा-बारा दिवस मला घास गोड लागला नाही. तू मात्र मजेत होतीस. कोणीतरी ऐकलं, एवढ्यानेच तुला अर्धं बरं वाटलं होतं.

क्षय नव्हता. आजारच भडकला होता. डॉक्टरांनी औषध बदललं. निघता निघता मी चाचरत कूलरचं विचारलं. ते हसले. "काका, उन्हाळ्यात खुशाल लावा. झोत थेट अंगावर नको, हात-पाय झाकून घ्यायचे." तू माझ्याकडे पाहिलंस. आपण ऑटोत बसलो. मग म्हणालीस, "डिसेंबर आहे तं काय झालं? घरी गेल्यावर आधी कूलर पुसून ठेवा."

कूलरवरून आपलं भांडण मात्र शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, नऊ वाजता पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा ठेवू. तू म्हणायचीस, पाण्याशिवाय कूलर म्हणजे पिठाची गिरणी, आवाज आहे आणि थंडावा नाही. अखेर तू हात कोरड्या टॉवेलात गुंडाळून झोपायचीस आणि पंप अकरापर्यंत चालायचा. तुझं बरोबर होतं की माझं, कोण जाणे. आता उन्हाळा येईल तेव्हा मी पंप कितीला बंद करावा, हे तेवढं सांगून जायला हवं होतंस.

आणि मग ती शिलाई. तू म्हणालीस, हुकांचं काही तरी करावं लागेल. सैल, सुती, समोरून पूर्ण उघडणारा गाऊन हवा, हुकांच्या जागी वेल्क्रोची चिकटपट्टी, म्हणजे मनगटानं ओढली तरी सुटेल. बाजारात मिळेना. तू मशीनवरची चादर काढलीस आणि मला म्हणालीस, "बसा."

"मी?"

"मंग काय मी? माझे हात पाहा आन् तुमचे पाहा."

सदुसष्टाव्या वर्षी मी मशीनवर बसलो. तू शेजारी स्टुलावर, मास्तरीणबाई. "सावकाश मारा पाय, शर्यत नाही लागली." "कापड ओढू नका, ते आपलं आपलं जाते." पहिल्या गाऊनची एक बाही उलटी लागली. तू इतकी हसलीस की डोळ्यांतून पाणी आलं. "कचेरीत असंच काम करत होते का तुमी? तरीच म्हटलं, जिल्ह्याचं असं काहून झालं." दुसरा बरा जमला. तिसऱ्याला तू नुसती मान हलवलीस. आपल्या एवढ्या वर्षांच्या संसारात तुझ्याकडून मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

एका सकाळी मला जाग आली तेव्हा तू कोरड्या गाऊनमध्ये होतीस आणि ओला गाऊन बादलीत. मला काहीच कळलं नव्हतं. "तुमी घोरून राहिले होते," तू म्हणालीस. "मी उठली, बदलली, झोपली." हे तू असं सांगितलंस जसं कोणी निवडून आल्याचं सांगावं. मी चहा केला. साखर जास्त पडली, तरी तू पूर्ण प्यायलीस.

घाम पूर्ण कधी गेला नाही. रोजचा आठवड्यातून एक-दोनदा झाला. सांधे सुजले की वाढायचा आणि मग डॉक्टरांना फोन करायचा, हे आपल्याला समजलं होतं. गादीवर एक जाड टॉवेल, उशाशी कोरडा गाऊन, दोन्ही हातांनी धरता येईल असा पाण्याचा गडू. एवढ्या तयारीवर आपण सहा वर्षं चांगली काढली. चांगली म्हणतो, कारण तूच तसं म्हणायचीस.

त्या तयारीच्या जोरावर तू पारशिवनीला भावाकडे मुक्कामाला जायला निघालीस, मीही सोबत. चादरी भिजायला लागल्यापासून तू कोणाकडे रात्र काढली नव्हतीस. पिशवीत दोन गाऊन, टॉवेल, आपलीच चादर. सकाळी तू भावाच्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, चादर दोरीवर टाकलीस. भावजय पाहत होती. तू म्हणालीस, "घाम येते मले रात्री. आजाराचा आहे. चिमटा लाव वं जरा." बस. भावजयीनं चिमटे लावले आणि विचारलं, भाकरी करू की पोळी.

तीन वाक्यं, कुंदा. मी बाजेवर बसून ऐकत होतो. जे तू अंगणात उभी राहून दोन क्षणांत सांगितलंस, ते मला कामठीला सांगता येत नव्हतं. परत येताना बसमध्ये तू म्हणालीस, "मोठ्या बाईच्या मनात माझ्याबद्दल काही तरी आहे. मले समजत नाही काय ते." मी खिडकीबाहेर पाहिलं. तेव्हा सांगायला हवं होतं. तू रागावली असतीस, आठ दिवस बोलली नसतीस, मग कामठीला जाऊन वहिनींना खडसावलं असतंस आणि आंबिलीचा डाव परत घेतला असतास. मी तुझं ते भांडण तुझ्याकडून हिरावून घेतलं. त्याची माफी मागतो. तू देशील की नाही, हे ठरवण्याचा हक्क तुझा आहे आणि तो आता तुझ्याजवळच राहील.

तेरवीच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर बायका हॉलमध्ये बसल्या होत्या. वहिनी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "सुटली बिचारी. किती वर्षं अंथरुणातच सगळं होत होतं तिचं." कोणी माना हलवल्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. मी दारात उभा होतो. आत गेलो.

"वहिनी, ते तसं नव्हतं. घाम होता तो. चादर घामानं भिजत होती. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मीनलच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मी सगळं सांगितलं. कूलरचं, कौतुकाचं, सगळं.

वहिनी म्हणाल्या, "मंग मी तिले नैवेद्यावरून उठवलं ते..."

"माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं नाही," त्या म्हणाल्या. "उठवलं तं मीच. घाम नसता, दुसरं काही असतं, तरी काहून उठवा लागत होतं? तीबी आजारीच होती ना." आणि माझ्याकडे न पाहता चपला घालून निघून गेल्या.

मला वाटलं, हे नातं संपलं. पाचव्या दिवशी सकाळी त्या कामठीहून एकट्या आल्या, ऐंशी वर्षांच्या, बसनं. पाणी प्यायल्या. "तुमचा फोन आना," म्हणाल्या. "आन् तो आवाज मोठा येते तसा करा."

त्यांनी एकेकीला फोन लावायला सांगितलं. सगळ्या सुना, नणंदा, पुतण्या, ज्यांना ज्यांना त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं होतं त्या सगळ्या. प्रत्येकीला तेच, मोठ्या आवाजात. "घाम होता वं तो. हो, घाम! या मानसानं खोटं सांगतलं आन् मी मूर्खासारखी गावभर केलं. आता तू ज्याले सांगतलं त्याले सांग." मी समोर बसून ऐकत होतो. लाज वाटत होती, पण पळावंसं वाटत नव्हतं. तिसऱ्या फोनपासून त्या मला "खोटारडा" म्हणायला लागल्या आणि पाचव्यापासून त्यात त्यांना मजा यायला लागली. तू ऐकलं असतंस तर हसली असतीस.

सातवा फोन माझ्या चुलत पुतणीला, सुनीताला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, मलेबी तोच वात आहे. आन् दोन महिन्यांपासून रात्री असंच होऊन राहिलं. मी कोणाले सांगतलं नाही. लोक काय म्हणतीन म्हणून."

वहिनींनी फोन माझ्या हातात दिला.

मी तिला सांगितलं, पोरी, आधी डॉक्टरला सांग, उद्याच. ताप मोजून लिहून ठेव. घामावर हसणाऱ्याचं ऐकू नको, मग तो घरचा का असेना. आणि तुझं माप पाठव. मला गाऊन शिवता येतात. पहिला बिघडला होता, आता बिघडत नाहीत. ती रडता रडता हसायला लागली. काका, तुम्ही शिवता? आम्ही बरंच बोललो. उशाशी काय ठेवायचं ते सांगितलं, टॉवेलचं सांगितलं, तू काय काय करायचीस ते सांगितलं. बोलताना तुझं नाव मी किती वेळा घेतलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

वहिनींनी खांद्याला हात लावला. "झालं का बोलनं? आना इकडे तो फोन. अजून चंद्रपूरची राहिली."